नवरा भोपळ्याहून स्वस्त

तीर्थरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे खरोखरच वाकून, कारण टेबलावर पुठ्ठे, टाचण्या आणि फ्रेमवाल्याच्या अकलेचे तुकडे पसरलेत, आणि मी पलंगावर बसून मांडीवर ताट पालथं घालून त्यावर कागद ठेवून लिहितेय. भावोजींचा खोकला काय म्हणतो? त्यांना सांगा, गरम पाणी प्या आणि बातम्या बघणं बंद करा, निम्मा खोकला बातम्यांचा आहे. आणि तुमचे गुडघे? त्यांचा तर मला घोर लागून राहिलाय. तुम्हीच फोनवर म्हणालात ना, "अगं, मला मेलीला उंबरा ओलांडताना देव आठवतो, तुझ्या त्या रंगकामाच्या प्रदर्शनाला मी जिने चढून कुठे येऊ?" पटलं हो मला. अगदी पटलं. मी इथे सगळ्यांना सांगितलं, आमच्या वन्संना यायचं फार मनात होतं, पण गुडघ्यांनी परवानगी दिली नाही. (रंगकाम हा शब्द मी ऐकलाच नाही असं धरून चाला. रंगकाम भिंतीचं असतं. मी काढते ती चित्रं.)

माझी तब्येत विचाराल तर गेल्या महिन्यापर्यंत ठणठणीत होती. आता डॉक्टर म्हणतात रक्तदाब चढलाय, चिडू नका. मी म्हटलं, गोळी द्या, सल्ला नको, सल्ले घरी ढिगानं पडलेत. हे सगळं फोनवरच सांगणार होते, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता. लग्न होऊन आले तेव्हापासून माझं एक वाक्य तुम्ही पुरं होऊ दिलं नाहीत. पत्रात तुम्हाला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून पत्र. आता पाणी पिऊन बसा, कारण मी संतापलेय. नेहमीसारखी नाही. नेहमीचा माझा राग दुधासारखा, वर येतो, फुंकर मारली की खाली बसतो. हा राग तळाला लागलाय, आणि घासून निघेल असं वाटत नाही.

सुरुवात तुमच्या धाकट्यानं केली. (भाजी आणायलाही टाय लावून जातो म्हणून मी त्याला टायसाहेब म्हणते. तो रागावत नाही. आईवर गेलेला नाही.) आला, पलंगावर बसला, तर पाय जमिनीला टेकेनात. म्हणाला, "मामी, पलंग उंच झालाय की मी बुटका?" तुम्हाला माहीतच आहे, पाण्याच्या रंगांनी काढलं की कागद वाळताना वाळल्या पानासारखा वेडावाकडा होतो, मग तो सरळ करायला मी गादीखाली ठेवते. एक सरळ झाला की काढून ठेवायचा, हे मात्र मी कधी केलं नाही. लोक गादीखाली पैसे ठेवतात, मी भोपळे, कांदे, पातेली, खिडक्या आणि शेजाऱ्यांची मांजर ठेवली. गेली कित्येक वर्षं मी चित्रांवर झोपतेय, आणि चढायला स्टूल लागतं. टायसाहेबांनी गादी उचलली आणि त्यांचे डोळे असे चमकले, असे चमकले, की मला वाटलं खाली खरंच पैसे निघाले. "मामी, हे विकायचं!" मी म्हटलं, "कोण घेणार माझा भोपळा? बाजारात खरा मिळतो, तो शिजवताही येतो." पण खोटं कशाला बोलू, आतून मी फुलले. माणसाला एकदा तरी कुणीतरी विचारावं लागतं, केवढ्याला देणार म्हणून. मला आजवर फक्त एवढंच विचारलं गेलं होतं, की जेवायला काय आहे.

त्या गठ्ठ्यात एक चित्र विकायचं नव्हतं. तुमच्या भावाचं. ते तुम्ही कधी बघितलं नसेल (असं मी या पत्रात धरून चालले आहे). लहानसंच आहे, दोन तळहात शेजारी ठेवले तर झाकून जाईल एवढं. हे रिटायर झाले आणि दिवसभर घरात बसून फोडणीत मोहरी किती टाकली ते मोजायला लागले, तेव्हा मी रंगांची पेटी आणली आणि नियम केला, की चित्र चालू असताना कुणी बोलायचं नाही. रंग वाळेपर्यंत शांतता. खरं सांगू का, मी चित्रकार कलेसाठी झालेच नाही, मी गप्प बसवण्यासाठी झाले. तर त्या दिवशी ते मागच्या पायरीवर बसून छत्री दुरुस्त करत होते. (ती छत्री काही दुरुस्त झाली नाही. अजून दारामागे आहे, उघडली की वटवाघळासारखी एका बाजूला लोंबते.) दर दोन मिनिटांनी मान वळवून, "झालं का गं? माझं नाक नीट काढ." मी म्हटलं, तोंड तिकडे करा आणि गप्प बसा, मी पाठ काढतेय. म्हणून चित्रात त्यांची पाठ आहे. सदऱ्याची एक बाजू वर चढलेली, टकलावर ऊन, मांडीवर छत्रीच्या काड्या. आणि त्यांच्या उजव्या हाताला, पायरीवर, माझ्या चपला. मी अनवाणी बसून काढत होते ना, चपला त्यांच्या शेजारी सोडल्या होत्या. माझं आयुष्यात एकच चित्र असं झालंय, की एकदा केलं आणि पुन्हा पाणी लावावंसं वाटलं नाही. ते मला घरी लावायचं होतं, आरशाशेजारी, म्हणजे मी केस विंचरताना ते पाठ करून बसतील, जसे बसायचे तसे.

आता फ्रेमवाला. गळ्यात चोवीस तास मोजायची टेप, तोंडात टाचण्या, त्यामुळे तो बोलतो ते अर्धं टाचण्यांनाच कळतं. मी त्याला समजावून सांगितलं, बाबा रे, कागदाला काच टेकवू नको, मध्ये पुठ्ठ्याची खिडकी घाल, नाहीतर दमट हवेत रंग काचेला चिकटतात. मागून गोंद फासू नको, वरच्या कडेला फक्त दोन चिकटपट्ट्या लाव, कागदाला श्वास घ्यायला जागा ठेव. तेवढं त्यानं केलं, नाही म्हणणार नाही. पण बाकीचं? भोपळ्याला त्यानं सोनेरी फ्रेम लावली, कोपऱ्यांत द्राक्षांचे घोस! मी म्हटलं, भोपळ्याचं लग्न आहे का? म्हणाला, "आजी, श्रीमंत दिसतं." कांद्यांना काळी बारीक फ्रेम, जणू कांदे वारले आणि घरच्यांनी फोटो लावला. मांजरीला निळी, कारण निळी उरली होती. आणि मी बोटानं दाखवून, त्याच्या टेपवर हात ठेवून, दोनदा सांगितलं, हे छत्रीवालं विकायचं नाही, हे घरी न्यायचं. त्यानं टाचण्यांतून "हूं" केलं. आता मला कळलंय, की ते "हूं" टाचणी टोचल्याचं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी नटूनथटून गेले. जिने चढून, हो. (उंच आहेत, वन्सं. मध्ये टेकायलाही जागा नाही. तुम्ही आला नाहीत ते चांगलंच केलंत.) वर पांढऱ्या भिंती, पांढरे दिवे, आणि गॅलरीवाली बाई, चष्मा दोरीला बांधलेला, आवाज इतका हळू, की तिच्यावर ओरडायचं म्हणजे दवाखान्यात ओरडल्यासारखं वाटतं. सगळ्याला "सुंदर" म्हणते. मी विचारलं, संडास कुठे आहे, तर म्हणाली, "सुंदर, या बाजूला." मी भिंतीवरून एकेक बघत चालले. भोपळा. कांदे. मांजर. आणि मांजरीच्या शेजारी तुमचा भाऊ. खिळ्याला टांगलेला. खाली इवलीशी चिठ्ठी, त्यावर किंमत.

वन्सं, ती किंमत किती होती सांगू? एका छत्रीची. मी चेष्टा करत नाही. बाजारात नवी छत्री घ्या, तेवढ्याच पैशांत तुमचा अख्खा भाऊ. म्हणजे चित्रातली छत्री धरली, तर माणूस वर फुकट. आणि भोपळा? भोपळ्याखाली दोन महिन्यांच्या किराण्याची किंमत! मी तिथेच त्या गॅलरीवालीला धरलं. "माझा नवरा भोपळ्याहून स्वस्त?" ती म्हणाली, "सुंदर प्रश्न आहे." मग तिनं आणि टायसाहेबांनी मिळून मला समजावलं, की चित्राचा भाव चौरस इंचावर असतो. लांबी गुणिले रुंदी, गुणिले दर. सगळ्यांना सारखा न्याय. गावच्या शाळेत आमच्या गुरुजींनी लांबी गुणिले रुंदी शिकवलं होतं, पण शेताला. शेताचंही कोरडवाहू वेगळं, बागायती वेगळं, एवढं तर गुरुजींच्या बैलालाही कळायचं. भोपळा मी रागाच्या भरात काढलेला, सगळ्यात मोठ्या कागदावर, कारण कागद संपवायचा होता. तासाभरात. आणि ह्यांची पाठ काढायला मला एक संसार लागला. ते कुठल्या इंचात धरलंत? टायसाहेब टाय ओढत म्हणाले, "मामी, भावनेला दर लावता येत नाही." मी म्हटलं, "मग भोपळ्याला कसा लागला? तिथे तर भावनाच नव्हती!"

आणि ऐका, फ्रेमचा हिशोब आणखी वेगळा. फ्रेमवाला कडेकडेनं मोजतो, फुटावर. म्हणजे बाहेरची कड फुटावर, आतलं चित्र इंचावर, आणि जिनं काढलं ती कशावरच नाही. लहान चित्राला त्यामुळे फ्रेम महाग पडते. तुमच्या भावापेक्षा भोवतीचं लाकूड महाग होतं, वन्सं. मी हे बोलले तर गॅलरीवाली म्हणते, "तिसरा हिस्सा आमचाही असतो, हे लक्षात आहे ना?" कशाचा हिस्सा? भिंत तिची, खिळा तिचा. नवरा माझा! मी म्हटलं, उतरवा तो खाली, मी घरी नेते. तर नाही. प्रदर्शन संपेपर्यंत उतरवता येत नाही, मध्येच रिकामा खिळा पडलेल्या दातासारखा दिसतो म्हणे. बरं, मग खाली लिहा, विकायचं नाही. तेही नाही. न विकायची चित्रं ते लावतच नाहीत, नाहीतर येणारे नेमकं तेच मागतात. मग म्हणाली, "किंमत मात्र तुम्ही तुमची ठेवू शकता. चित्रकाराचा अधिकार आहे." आणि पेन्सिल पुढे केली.

वन्सं, अधिकार हा शब्द माझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा कुणी वापरला, तोही इतक्या हळू आवाजात. मी पेन्सिल घेतली. छत्रीच्या किमतीवर एक शून्य चढवलं. जरा मागे होऊन बघितलं. अजून कुणाला परवडेल अशी वाटली. दुसरं चढवलं. आता शंभर छत्र्या. आता कुणी हात लावणार नाही, म्हटलं, ह्या किमतीत लोक दारात उभं राहून दुसऱ्याच्या नवऱ्याकडे बघतात आणि निघून जातात. मी स्वतःवर इतकी खूश झाले, की गॅलरीवालीला मीच म्हटलं, "सुंदर."

आणि मग, किमतीवरून नजर हटल्यावर, चित्राकडे नीट बघितलं. काहीतरी चुकत होतं. पाठ तीच, टक्कल तेच, छत्री तीच. पण माणूस एकटा दिसत होता. असा एकटा, की मला रडूच आलं, आणि कळेना का. मग कळलं. माझ्या चपला नव्हत्या! पुठ्ठ्याची खिडकी ह्यांच्या कोपराशी येऊन संपत होती. मी तशीच उतरले, (हो, तेच जिने), आणि फ्रेमवाल्याचं दुकान गाठलं. तर त्याच्याकडे एक तयार फ्रेम पडून होती, कुणीतरी बनवून घेतली आणि न्यायला आलं नाही. माझा कागद त्या फ्रेमला मोठा झाला, म्हणून त्यानं कागद कापला. फ्रेम नाही, कागद! मी म्हटलं, "अरे, कागद मोठा होता तर फ्रेम मोठी करायची!" तो म्हणाला, "फ्रेम तयार होती." मी म्हटलं, "चित्रही तयार होतं!" म्हणाला, "आजी, दोनच बोटं कापली. काय होतं तिथे, दोन चपला." "त्या माझ्या चपला होत्या!" तर त्यानं टाचण्या काढल्या तोंडातून, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, "त्या तर तुमच्या पायात आहेत की." मी खाली बघितलं. होत्या. त्याच. फ्रेमवाल्यावर मी कधी चिडले नव्हते एवढी त्या क्षणी चिडले, कारण तो बरोबर होता आणि तरी चूक होता. देवानं मला विधवा केलं ते केलं, पण ह्यांना विधुर करायचा ह्याला काय अधिकार? आणि बघा, दोन बोटं कापली म्हणजे इंच कमी झाले, इंच कमी झाले म्हणजे भावही उतरला. माझ्या चपलांचे पैसेसुद्धा वजा!

त्याच्या कापट्यांच्या खोक्यात मी कोपरापर्यंत हात घातले. कुणाच्या लग्नाच्या फोटोतला काका, कुणाच्या पदवीची कड, कुणाच्या कुत्र्याची शेपूट, गावभरच्या लोकांचे नको असलेले भाग. तळाशी माझ्या चपला सापडल्या. एक लांबट पट्टी, ऊन अजून तिच्यावर पडलेलं. फ्रेमवाल्यानं शेवटी मान खाली घालून सांगितलं, की चित्र आणा, मागून जोडून देतो, फ्रेम मोठी करून देतो, पैसे नको. म्हणजे सगळं ठरलं होतं. शंभर छत्र्यांची किंमत तुमच्या भावाची राखण करणार होती, आणि प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मी पट्टी पिशवीत घालून जाणार, त्यांना उतरवून आणणार.

गेले. पट्टी दोन पुठ्ठ्यांत घालून, छातीशी धरून गेले. वर पोचले, तर खिळा रिकामा. पडलेल्या दातासारखा.

विकला गेला. माझा नवरा विकला गेला! गॅलरीवाली आनंदानं जवळजवळ ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, की तुमच्या किमतीनंच काम केलं. लोक आत येतात, सगळ्यात लहान चित्राखाली सगळ्यात मोठी किंमत बघतात आणि थांबतात, यात काहीतरी असलं पाहिजे म्हणून. बाकीच्या भिंतीकडे मग कुणी बघतच नाही. म्हणजे राखण करायला मी जो कुत्रा बांधला, त्यानंच चोराला हाक मारली. मी विचारलं, कोण होता? म्हणाली, होता नाही, होती. वयस्कर बाई. नाव सांगायचं नाही अशी तिची अट होती. पैसे मोजून रोख दिले आणि चित्र हातात मिळाल्याशिवाय हलेचना, म्हणून उतरवून द्यावं लागलं. पण तिच्याबद्दल बाकी सगळं गॅलरीवालीनं आपण होऊन सांगितलं, कारण तिच्या दुकानात असं गिऱ्हाईक आजवर आलंच नव्हतं. धापा टाकत, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढून आली. इकडेतिकडे बघितलं नाही, सरळ त्या चित्रापुढे जाऊन उभी राहिली. बराच वेळ. मग विचारलं, "ह्याला तिकडे तोंड करून कशाला बसवलंय? नाक किती चांगलं होतं त्याचं." मग फ्रेम हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाली, लाकूड हलकं आहे, थोडं कमी करा. मग, हे ऐका, चित्र नाकाला लावलं. मागून. वास घेतला! आणि पैसे काढून ठेवले.

मला सांगा वन्सं, ही कोण असली भवानी? चित्राचा वास घेऊन चित्र घेणारी! खरबूज आहे का ते? असल्या बाईला चित्रातलं कळतं काय, ती घरी नेऊन त्याला उन्हाच्या भिंतीवर लावणार, वर्षभरात रंग उडणार, टक्कल आणि छत्री एकच दिसायला लागणार. किंवा कपाटात घालून कुलूप लावणार, म्हणजे दुसऱ्या कुणाला बघायला नको. आणि एवढे पैसे! आयुष्यभर दूधवाल्याशी चमचाभर दुधासाठी भांडलेली असणार, आणि इथे एकदाच "कमी करा" म्हणून शंभर छत्र्या मोजते. मी तर म्हणते अशा बाईला भेटले तर मी तिचं असं काही करीन, असं काही करीन, की तिच्या गुडघ्यांनासुद्धा कळणार नाही कुठे वाकावं. लोभी, नाक खुपसणारी, हट्टी, आणि वर आपल्यालाच सगळं कळतं असं वाटणारी. तुम्हाला अशी कुणी माहीत आहे का? मला तर बाई कुणी आठवत नाही.

भोपळा दातांच्या डॉक्टरनं नेला, त्याच्या दवाखान्यात बसायच्या खोलीत लावायला. कांदेही गेले. मांजर कुणी घेतली नाही, म्हणून मांजर परत गादीखाली. आता पलंग खाली आलाय, पाय जमिनीला टेकतात, आणि मला झोप येत नाही. बाकी सगळं ठीक. भावोजींना नमस्कार. टायसाहेबांना सांगा, मामीशी खोटं बोलायचं असेल तर टाय ओढू नये, तो ओढला की मला सगळं कळतं.

तुमची,
(तुम्ही फोनवर जिला "ती आमची रंगारीण" म्हणता ती)
धाकटी भावजय

ता. क. तुमचे गुडघे कसे आहेत, हे मी वर विचारलंच आहे. पुन्हा विचारते, कारण ते जिने चढायला सोपे आहेत पण उतरायला फार वाईट. उतरताना कुणाचा हात धरलात की नाही? टायसाहेब खाली गाडीत बसून होते म्हणे. वन्सं, अख्ख्या जगात वस्तू नाकाला लावून घेणारी बाई एकच आहे. मी नवीन नवरी म्हणून आले तेव्हा तुम्ही माझ्या ट्रंकेतल्या साडीच्या घड्यांचाही वास घेतला होतात आणि सासूबाईंना सांगितलं होतंत, "ठीक आहे, कपाटातली आहे, संदुकीतली जुनी नाही." वर जे जे लिहिलंय ते ते तुम्हालाच लिहिलंय. एकही शब्द मागे घेत नाही. भवानी तर मुळीच नाही.

आणखी एक. ते पैसे तुम्ही गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला टाकलेले होते, हे टायसाहेबांनी टाय सोडून शेवटी सांगितलं. वेड लागलं होतं का हो तुम्हाला? गॅलरीवालीनं तिसरा हिस्सा कापला, तो मी भोपळा आणि कांदे घालून भरून काढलाय, आणि सगळे पैसे टायसाहेबांच्या हातात ठेवलेत, तारीख घ्यायला सांगून. तुम्ही घेणार नाही म्हणाल, म्हणून तुम्हाला विचारलंच नाही. आता तुम्ही भोपळ्याच्या जिवावर चालणार आहात, हे जन्मभर ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

आणि आणखी एक. चित्र परत मागायला मी येत नाहीये. तुमचा भाऊ माझ्याकडे यायच्या आधी तुमच्याकडे होता, तेवढे इंच तुमचे. पण चपला माझ्या आहेत. पट्टी माझ्याकडे आहे, मिठाच्या बरणीमागे उभी करून ठेवलीय, आणि पोस्टानं मी ती पाठवणार नाही. घेऊन येते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोचेन, महिनाभर राहीन, तुम्ही हालू शकणार नाही तेव्हा मी बोलेन आणि तुम्ही ऐकाल. तुमच्याकडचा फ्रेमवाला आधी शोधून ठेवा, टाचण्या न चावणारा. चित्र उन्हाच्या भिंतीवर असेल तर आत्ता उठून काढा. आणि दाराशी एका जोडाची जागा रिकामी ठेवा, उजव्या हाताला.

शेवटचं. हे मात्र चेष्टेनं विचारत नाहीये. ते चित्र इतकी वर्षं गादीखाली, ते झोपायचे त्या बाजूला होतं. प्रदर्शनातून परत आणेन, मग सावकाश बघेन म्हणून मी नाक लावलं नाही. तुम्ही लावलंत. कसला वास आला हो, वन्सं? खरं सांगा.